जड स्टेअरिंगचा प्रश्न : मुंबईच्या जुन्या मोटारी आणि पॉवर स्टेअरिंग

जुन्या मोटारीला पॉवर स्टेअरिंग बसवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा वाटतो. परंतु मुंबईच्या उपनगरांत त्याचा संबंध हौसेपेक्षा रोजच्या वापराशी अधिक आहे. बोरीवलीसारख्या भागात ज्या कुटुंबांनी 1970 आणि 1980 च्या दशकांत नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून फियाट घेतली, त्यांपैकी काहींनी ती अजून सोसायटीच्या आवारात राखली आहे. गाडीबरोबर चालवणाऱ्याचेही वय वाढलेले असते, आवारात गाड्यांची दाटी झालेली असते आणि बाभई, वझिरा, एक्सर, शिंपोली या जुन्या गावठाणांतील गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच अरुंद राहिलेल्या असतात. अशा ठिकाणी उभ्या गाडीचे चक्र दोन्ही हातांनी ओढून वळवावे लागले, की ‘हिला पॉवर स्टेअरिंग बसवता येईल का’ ही विचारणा गॅरेजमध्ये होतेच. तिचे उत्तर देण्यासाठी स्टेअरिंग जड का होते, पॉवर स्टेअरिंग जगात आले तेव्हा मुंबईच्या गाड्यांना ते का मिळाले नाही, आणि आज ते बसवताना तंत्र, कायदा व अस्सलपणा यांच्या कोणत्या अडचणी उभ्या राहतात, या गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

मोटार उभी असताना पुढची चाके वळवली, की टायरचा जमिनीला टेकलेला भाग, ज्याला स्पर्शक्षेत्र म्हणता येईल, रस्त्यावर घासत फिरतो. त्या घर्षणाचा विरोध पुढच्या आसावरील वजन, टायरची रुंदी आणि त्यातील हवेचा दाब यांवर अवलंबून असतो, आणि गाडी थोडी जरी पुढे सरकली तरी तो झपाट्याने उतरतो, कारण मग टायर घासण्याऐवजी लोळत वळतो. हा विरोध माणसाच्या हाताच्या आवाक्यात आणण्यासाठी स्टेअरिंगच्या पेटीत गुणोत्तर योजलेले असते; ते 16 असेल तर रस्त्यावरचे चाक 1 अंश वळण्यासाठी हातातील चक्र 16 अंश फिरवावे लागते. गुणोत्तर वाढवले की जोर कमी लागतो, पण फेरे वाढतात. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मोटारी इतक्या अवजड झाल्या, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चक्राचे पाच-पाच फेरे करावे लागत. गुणोत्तर आणखी वाढवणे व्यवहार्य उरले नाही, तेव्हाच बाहेरून शक्ती आणण्याचा विचार कारखानदारांनी मनावर घेतला.

तो विचार मात्र त्याआधी पंचवीस वर्षे तयार होऊन पडला होता. पिअर्स-अ‍ॅरो या अमेरिकी कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेले अभियंते फ्रान्सिस डेव्हिस यांनी मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम येथे स्वतःचे कार्यालय थाटून तेलाच्या दाबावर चालणारी स्टेअरिंग यंत्रणा घडवली आणि 1926 साली ती आपल्या पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर चालवून दाखवली. त्यांच्या रचनेचे मर्म झडपेत होते. आधीच्या प्रयत्नांत तेल सतत दाबाखाली ठेवावे लागे, त्यामुळे गळती आणि बिघाड टळत नसे. डेव्हिस यांनी झडप मधोमध उघडी ठेवली, म्हणजे चक्र सरळ असताना पंपातून निघालेले तेल फारसा दाब न घेता टाकीत परत जाते, आणि चालकाने चक्राला पीळ दिला की झडप एका बाजूला सरकून तेवढ्यापुरता दाब तयार होतो. जनरल मोटर्सने त्यांच्याशी करार केला, परंतु मंदीच्या काळात, 1934 मध्ये, खर्च परवडत नाही म्हणून तो सोडून दिला. पुढे बेंडिक्स कंपनी आणि दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वाहने या मार्गाने ही कल्पना तग धरून राहिली. 1951 साली क्रायस्लरने आपल्या इम्पीरियल गाडीत ‘हायड्रागाइड’ या नावाने विक्रीच्या मोटारीतील पहिले पॉवर स्टेअरिंग आणले, तेही मुख्यतः डेव्हिस यांच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे; 1952 मध्ये कॅडिलॅक मागोमाग आली आणि 1954 पासून कॅडिलॅकने ते आपल्या सर्व गाड्यांत मूळ किमतीतच समाविष्ट केले. युरोपात 1955 च्या सित्रोएन डीएस या गाडीने तेलाच्या दाबावरच निलंबन, ब्रेक आणि स्टेअरिंग असे सारे सोपवले, पण तो प्रकार अपवादात्मकच राहिला.

क्रायस्लर आणि कॅडिलॅक बनवणारी जनरल मोटर्स या दोन्ही अमेरिकी कंपन्यांचा त्या वेळी मुंबईशी थेट संबंध होता, ही बाब क्वचितच लक्षात घेतली जाते. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1928 पासून शिवडीत होता. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी सहकार्य करून 1947 पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि फार्गो या वाहनांची सुट्या भागांतून जुळणी सुरू केली होती. म्हणजे पॉवर स्टेअरिंग बाजारात आणणारी आणि त्याच्या पाठोपाठ ते सर्वत्र पसरवणारी अशा दोन्ही कंपन्यांची माणसे, सुटे भाग आणि कागदपत्रे मुंबईत ये-जा करीत होती, आणि तरीही या शहराच्या रस्त्यांवरच्या सर्वसामान्य मोटारीला ती सोय मिळायला पुढची चाळीस वर्षे जावी लागली. याचे कारण तांत्रिक नव्हते. टॅरिफ कमिशनच्या 1953 च्या अहवालानंतर सरकारने केवळ जुळणी करणाऱ्यांना रजा देऊन देशात टप्प्याटप्प्याने उत्पादन करणाऱ्यांनाच मुभा ठेवली; जनरल मोटर्सने 1954 मध्ये शिवडीचे काम गुंडाळले, आणि कुर्ल्याने फियाटचा हात धरून छोट्या मोटारीकडे मोर्चा वळवला. परकीय चलन वाचवण्याच्या त्या धोरणात मोठी गाडी हीच चैन ठरली, मग तिच्यासाठी लागणाऱ्या पंपाची आणि झडपेची गोष्ट कोण काढणार?

कुर्ल्यातून बाहेर पडलेली फियाट 1100 ही मालिका, म्हणजे एलिगंट, नंतरची सिलेक्ट आणि सुपर सिलेक्ट, 1964 च्या सुमाराची डिलाइट आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली गाडी, पॉवर स्टेअरिंगविना चालवण्यासाठीच बेतलेली होती. तिचे इंजिन 1089 घन सेंटिमीटरचे, शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती, वजन 900 किलोच्या आसपास, दोन आसांमधील अंतर 2340 मिलिमीटर आणि टायर 5.20-14 मापाचे, म्हणजे आजच्या मानाने अगदी सडपातळ. तिच्या स्टेअरिंगची पेटी वर्म प्रकारची आहे: चक्राच्या दांड्याच्या टोकाला मळसूत्रासारखा आटे असलेला भाग असतो, तो फिरला की त्यात अडकलेला दुसरा भाग ड्रॉप आर्म नावाची भुजा हलवतो आणि तिथून टाय रॉडमार्फत चाके वळतात. अँबॅसिडर मात्र मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातली असल्यामुळे तिच्यात रॅक आणि पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारे छोटे दातेरी चाक, अशी अधिक थेट रचना होती. पण ती पद्मिनीपेक्षा लांब आणि वजनदार, तिचे टायर 5.90-15 मापाचे, त्यामुळे जागेवर वळवताना तिचा भार अधिक जाणवतो. दोन्ही गाड्यांची मोठ्या व्यासाची, बारीक कडेची चक्रे शोभेसाठी नव्हती. चक्राचा व्यास जितका मोठा तितका हाताला तरफेचा फायदा अधिक.

पॉवर स्टेअरिंगविना मुंबईत गाडी चालवणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना काळी-पिवळी टॅक्सी हे पुरेसे उत्तर आहे. याच पद्मिनीवर टॅक्सीचालकांच्या दोन पिढ्यांनी दिवसभराच्या पाळ्या केल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची 20 वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून उतरली. या चालकांचे कसब एका साध्या नियमात होते: चाके थांबलेली असताना चक्राला हात लावायचा नाही, गाडी तसूभर का होईना सरकती ठेवायची आणि सरकतानाच वळवायची. आजच्या गाडीवर शिकलेला चालक पद्मिनीत बसला की आधी गाडी थांबवतो आणि मग चक्र ओढतो. जड स्टेअरिंगच्या तक्रारींतला एक मोठा वाटा या सवयीचा असतो. 

भारतीय मोटारींत पॉवर स्टेअरिंग सामान्यपणे दिसू लागले ते 1990 च्या दशकात. त्याआधी मुंबईत ते अनुभवास येई ते राजघराण्यांच्या व धनिकांच्या आयात अमेरिकी गाड्यांत, आणि परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेल्या व स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावातून विकल्या गेलेल्या मर्सिडीजसारख्या मोटारींत. महाराष्ट्रात या यंत्रणेच्या उत्पादनाचा पाया मोटारींपेक्षा ट्रक-बसच्या निमित्ताने घातला गेला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे कारखाना असलेली झेडएफ स्टेअरिंग गिअर (इंडिया) ही 1981 साली स्थापन झालेली कंपनी त्यातली प्रमुख. 1995 पासून मर्सिडीज-बेंझने पिंपरीत डब्ल्यू 124 मालिकेच्या मोटारींची जुळणी सुरू केली, तेव्हा पॉवर स्टेअरिंग असलेली आलिशान मोटार महाराष्ट्राच्याच भूमीवर तयार होऊ लागली. परंतु आजच्या चर्चेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना जपानमध्ये घडली होती: 1988 साली सुझुकीने सर्व्हो या चिमुकल्या गाडीत विजेवर चालणारे पॉवर स्टेअरिंग आणले, ज्यात तेल, पंप आणि नळ्या काहीच नसून चक्राच्या दांड्यावर बसवलेली मोटर चालकाच्या हाताला जोर देते. हा दांडा, ज्याला गॅरेजच्या भाषेत कॉलम म्हणतात, पुढे मारुतीच्या छोट्या गाड्यांमधून भारतात सर्वदूर पोहोचला, आणि भंगारबाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर जुन्या जीप व अँबॅसिडर यांच्या मालकांचे लक्ष त्याच्याकडे गेले. अँबॅसिडरला स्वतःलाही तिच्या उतारवयात पॉवर स्टेअरिंगचा पर्याय मिळाला. पद्मिनीचे उत्पादन मात्र 2000 च्या सुमारास थांबले तोवर ती त्यापासून दूरच राहिली.

इथवरचा इतिहास पाहता एक गोष्ट उघड होते. या गाड्या नव्या असताना त्यांचे स्टेअरिंग असह्य जड नव्हते. मग आज ते तसे का लागते, याचा शोध पॉवर स्टेअरिंगच्या आधी घ्यायला हवा, आणि नेमका हाच टप्पा बहुतेक वेळा गाळला जातो.

तपासणी सोपी आहे. गाडीचा पुढचा भाग जॅकवर उचलून, खाली भक्कम स्टँड लावून, दोन्ही चाके अधांतरी करावीत आणि चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. चाके जमिनीला टेकलेली नसताना ते दोन बोटांनी फिरायला हवे. तसे ते फिरत नसेल किंवा मध्येच अडखळत असेल, तर दोष यंत्रणेत आहे: पेटीतील तेल आटलेले असते, पेटीचा स्क्रू ‘प्ले काढण्यासाठी’ कुणीतरी गरजेपेक्षा घट्ट आवळलेला असतो, दुसऱ्या बाजूच्या आधारभुजेचा, म्हणजे आयडलर आर्मचा, बुश धरलेला असतो, किंवा किंग पिन कोरडे पडलेले असतात. किंग पिन म्हणजे ज्या उभ्या खिळीवर पुढचे चाक डावी-उजवीकडे वळते ती. पद्मिनीत तिच्या वर-खाली ग्रीस भरण्यासाठी निपल दिलेली असतात आणि ती पुसून, ग्रीसगन लावून, आतले काळे पडलेले जुने ग्रीस पूर्ण बाहेर येऊन मागोमाग स्वच्छ ग्रीस दिसू लागेपर्यंत दट्ट्या मारत राहावा लागतो. हे काम करताना चाक अधांतरी असणे महत्त्वाचे, कारण गाडीचे वजन खिळीवर असेल तर ज्या बाजूला दाब पडतो त्याच बाजूला ग्रीस पोहोचत नाही. रोज धावणाऱ्या टॅक्सीत हे ग्रीसिंग नेमाने होई. महिन्यातून एकदा नॅशनल पार्कपर्यंत फेरी मारून येणाऱ्या घरच्या गाडीत ते वर्षानुवर्षे राहून जाते. निपल तुंबलेले असेल तर ग्रीस आत न जाता बाहेरच सांडते आणि काम झाल्याचा भास होतो. अशा गाडीवर पॉवर स्टेअरिंग बसवणे म्हणजे दुखण्यावर इलाज न करता वेदनाशामक गोळी देण्यासारखे आहे; फरक इतकाच, की इथे मोटरचा वाढीव जोर आधीच झिजलेल्या सांध्यांवरून जातो आणि झीज वाढवतो.

चाके अधांतरी असताना चक्र हलके, पण जमिनीवर जड असेल, तर संशयाची सुई टायरकडे वळते. 5.20-14 मापाचे जुन्या धाटणीचे क्रॉस-प्लाय टायर सहज मिळेनासे झाल्यावर बहुतेक पद्मिनींवर रेडियल टायर आले. क्रॉस-प्लायमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात, रेडियलमध्ये ते कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात. त्यामुळे रेडियलची बाजू लवचीक आणि तळ सपाट राहतो, पकड वाढते, पण जागेवर वळवताना विरोधही वाढतो. त्यात दिसायला भारदस्त म्हणून मूळ मापापेक्षा रुंद टायर आणि छोट्या व्यासाचे शौकीन चक्र बसवले असेल, तर मालकाने स्वतःच दोन्ही टोकांनी स्टेअरिंग जड करून घेतलेले असते. हवेचा दाब कमी असणे हे तर इतके क्षुल्लक कारण आहे, की ते तपासण्याची कुणाला आठवण होत नाही. याशिवाय कॅस्टर हा कोन पाहावा लागतो: बाजूने पाहता चाक वळण्याचा आस किंचित मागे कललेला असतो आणि त्यामुळे वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात. हा कोन वाढवला तर गाडी वेगात स्थिर राहते पण हाताला जड लागते, म्हणून पॉवर स्टेअरिंग नसलेल्या जुन्या गाड्यांत तो बेताचा ठेवलेला असे. अलाइनमेंट करणाऱ्याने नव्या गाडीचे आकडे डोळ्यांपुढे ठेवून तो वाढवला, तर तक्रार सुरू होते.

हे सारे करूनही गरज उरते, आणि ती उरते हे मान्य केले पाहिजे. खांदा किंवा मनगट दुखावलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या मालकाला नीट ग्रीस केलेली अँबॅसिडरसुद्धा इमारतीखालच्या दोन खांबांमधून काढणे जड जाते. आणि 1950-60 च्या दशकांतली मोठी अमेरिकी मोटार त्याच आवारात ठेवायची असेल, तर प्रश्न वयाचाही उरत नाही. अशा वेळी उपलब्ध मार्ग मुळात तीन.

पहिला मार्ग म्हणजे त्या गाडीसाठी त्या काळी कारखान्याने दिलेली यंत्रणा मिळवून बसवणे. शेव्हरोले इम्पालासारख्या गाडीला किंवा 1976 ते 1985 या काळातील मर्सिडीज डब्ल्यू 123 ला तो उत्तम आहे, कारण पंपाची जागा, नळ्यांचा मार्ग आणि कॅस्टरचा कोन हे सारे कारखान्यानेच ठरवून ठेवलेले असते. डब्ल्यू 123 मध्ये तर 1982 पासून पॉवर स्टेअरिंग सर्व नमुन्यांत मूळचेच असे. अडचण पैशाची आणि सुट्या भागांची. जुनी नळी फुगते, ऑइल सील कडक होतात आणि गळती सुरू झाली की नवे सील परदेशातून मागवावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या वेगळ्याच गाडीची तेलावर चालणारी यंत्रणा कापून-जोडून बसवणे. पद्मिनीच्या बाबतीत तो सरळ त्याज्य समजावा. सुमारे 40 अश्वशक्तीच्या इंजिनावर पट्ट्याने सतत फिरणारा पंप लादला तर मंद गतीत, म्हणजे नेमकी मदत हवी असते तेव्हाच, इंजिन गुदमरते. पेटी बसवण्यासाठी चौकटीला भोके आणि वेल्डिंग करावे लागते आणि मग परतीची वाट उरत नाही.

तिसरा मार्ग विजेच्या कॉलमचा. यात इंजिनाच्या बाजूला काहीच बदलत नाही. चक्र आणि पेटी यांच्यामधला दांडा काढून त्या जागी एका पातळ पीळ-दांडीसह मोटर बसवलेला दांडा येतो. चालकाने चक्राला किती पीळ दिला हे दांडीजवळचा संवेदक मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर जोर लावते. युरोपात जुन्या गाड्यांच्या मापानुसार असे तयार संच बनवणारे व्यवसाय उभे राहिले असून नेदरलँड्समधील ‘ईझी’ हे त्यांतले परिचित नाव आहे. आपल्याकडे मात्र मारुतीचा जुना कॉलम, त्याची नियंत्रण पेटी आणि लेथवर बनवून घेतलेले जोड यांवर काम भागवले जाते. मूळच्या गाडीत ही नियंत्रण पेटी वेगाचा संदेश घेऊन वेग वाढेल तशी मदत कमी करते. जुन्या गाडीत तो संदेशच नसल्यामुळे काही पेट्या मदत देणेच थांबवतात, तर काही कायम एकच मदत देत राहतात. एकच मदत म्हणजे बाभईच्या गल्लीत जेवढा जोर, तेवढाच वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर 80 च्या वेगात, आणि तिथे तो धोक्याचा: चक्र पिसासारखे हलके होते, किंचित हात हलला तरी गाडी आपली मार्गिका सोडते. चांगल्या संचात म्हणून मदत कमी-जास्त करण्याची घुंडी किंवा वेगाचा स्वतंत्र संवेदक दिलेला असतो, आणि त्यापैकी काही नसेल तर ते काम अर्धवट समजावे.

पद्मिनीच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे, जो परदेशी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. या गाडीचा गिअरचा दांडा जमिनीतून वर येत नाही. तो स्टेअरिंगच्या कॉलमवरच आहे आणि त्याची फिरणारी नळी कॉलमला खेटून खाली जाते. विजेची मोटर बसण्यासाठी लागणारी जागा हीच. त्यामुळे एक तर मोटर पायांजवळ खाली सरकवावी लागते, जिथे क्लच आणि ब्रेकच्या पॅडलला ती अडू शकते, किंवा गिअरची जोडणीच बदलून दांडा जमिनीवर आणावा लागतो. दुसरा उपाय केला की ती गाडी पद्मिनी उरते का, हा प्रश्न रास्त आहे. जमिनीवर गिअर असलेल्या तिच्या अखेरच्या काळातील नमुन्यांना तेवढी अडचण येत नाही. जुन्या अँबॅसिडरमध्येही कॉलमवरच गिअर होता, परंतु तिच्या डॅशबोर्डाखाली हात फिरवायला जागा अधिक आहे.

विजेचा हिशोबही आधी मांडावा लागतो. विजेचे स्टेअरिंग सरासरी फार वीज घेत नाही, पण उभ्या गाडीची चाके वळवताना क्षणभर 40 ते 50 अँपिअरपर्यंत झटका घेते. जुन्या गाड्यांतील डायनॅमो साधारण 22 अँपिअर देतो, आणि तोही इंजिन फिरत असताना. मंद गतीत त्याचे उत्पादन जवळजवळ शून्य असते. म्हणजे दिवे, वायपर आणि स्टेअरिंग यांचा सारा भार पावसाळ्यातल्या कोंडीत एकट्या बॅटरीवर पडतो. अल्टरनेटर बसवल्याशिवाय, जाड वायर आणि स्वतंत्र फ्यूज दिल्याशिवाय हा बदल करू नये. शिवाय ब्रिटिश वंशाच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चौकटीला जोडलेले असते, ते तसेच ठेवून आधुनिक नियंत्रण पेटी जोडली तर ती पहिल्याच क्षणी जळते. वीज गेली तरी चक्र आणि चाके यांचा यांत्रिक दुवा कायम राहतो, त्यामुळे गाडी हाताबाहेर जात नाही, फक्त पूर्वीइतकी जड होते. खरा धोका मदत बंद पडण्यात नसून जोडात आहे. कापून वेल्डिंग केलेला स्टेअरिंगचा दांडा तुटला तर कोणतीही यंत्रणा वाचवू शकत नाही. म्हणून दांडा खाचांच्या जोडाने आणि आरपार बोल्टनेच जोडलेला असावा, हा मुद्दा वाटाघाटीचा नाही.

कायद्याची स्थिती वाटते तेवढी स्पष्ट नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. स्टेअरिंगचा प्रकार हा प्रमाणपत्रावरील रकाना नाही, एवढ्यावरून तो बदल आपोआप मुक्त ठरतो असे मानणे घाईचे होईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 98 स्टेअरिंगबद्दल थेट बोलतो: चक्रातील मोकळी चाल 30 अंशांपेक्षा अधिक नसावी, सांध्यांना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरणासाठी येते, तेव्हा निरीक्षक हेच पाहतो. गंमत अशी, की झिजलेले पण ‘अस्सल’ स्टेअरिंग या कसोटीला नापास होऊ शकते आणि नीट बसवलेले विजेचे स्टेअरिंग तिच्यात सहज उतरू शकते. विमा कंपनीला मात्र बदल लेखी कळवलेला बरा. अपघातानंतर तो उघडकीस येणे मालकाला महाग पडते.

2021 च्या जुलैमध्ये अधिसूचित झालेल्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांनी एक वेगळीच रेषा आखली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या बिगर-व्यावसायिक गाडीला 20,000 रुपये शुल्क भरून 10 वर्षांसाठी ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, पण मग ती नेहमीच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. हिशोब केला तर डिलाइट आणि तिच्या आधीच्या फियाट या रेषेपलीकडे गेल्या आहेत, पद्मिनी नाव धारण केलेल्या पहिल्या गाड्या नुकत्याच पोहोचत आहेत आणि बहुसंख्य पद्मिनी अजून बाहेरच आहेत. बोरीवलीच्या एमएच-47 या क्रमांकाच्या कितीतरी आधी नोंदल्या गेलेल्या या मधल्या वयाच्या गाड्या ना नव्या ना व्हिंटेज. पॉवर स्टेअरिंगचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांचाच आहे, कारण त्या अजून भाजी आणायला, दवाखान्यात जायला आणि वसईच्या नातेवाइकांकडे जायला वापरल्या जातात.

अस्सलपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हटवादी म्हणून उडवून लावण्यासारखे नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, स्वीकारलेली ट्यूरिन सनद ऐतिहासिक वाहनाला सांस्कृतिक वारसा मानते आणि वापरासाठी बदल करावाच लागला तर तो कमीत कमी, डोळ्यांत न भरणारा आणि मागे घेता येण्याजोगा असावा, असे सांगते. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलींमध्येही गाडीचा मूळपणा हीच मोठी प्रतिष्ठा असते. शिवाय बारीक कडेच्या चक्रातून रस्त्याचा खडबडीतपणा, पाण्यात सैल होणारी पकड आणि चाकाचा कल हातापर्यंत पोहोचणे, हे त्या गाडीच्या स्वभावाचेच अंग आहे, आणि मोटरच्या मध्यस्थीने ते बोथट होते. परंतु सनदेतील ‘मागे घेता येण्याजोगा’ हा निकष लावला, तर विजेचा कॉलम त्याला बव्हंशी उतरतो, तेलाची यंत्रणा उतरत नाही, आणि जमिनीवर आणलेला गिअर तर नाहीच नाही.

तेव्हा निवाडा गाडीगणिक वेगळा द्यावा लागतो. मोठ्या परदेशी गाडीला तिच्या काळातली कारखान्याची यंत्रणा असेल तर तीच दुरुस्त करावी. अँबॅसिडरला, गरज खरी असेल आणि अल्टरनेटर असेल, तर विजेचा कॉलम बसवण्यास तत्त्वतः हरकत नाही. कॉलमवर गिअर असलेल्या पद्मिनीला मात्र किंग पिन, बुश, पेटीतील तेल आणि मूळ मापाचे सडपातळ टायर यांवर खर्च करावा, तो पॉवर स्टेअरिंगच्या खर्चाहून कमीच येतो आणि बहुतेकांची तक्रार तिथेच मिटते. ज्यांना तरीही बदल करावयाचा आहे त्यांनी निदान एवढे करावे: काढलेला मूळ दांडा, पेटी, चक्र आणि नट-बोल्ट तेल लावून, कापडात गुंडाळून, गाडीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून घरात ठेवावेत आणि गाडी विकताना ते गाडीबरोबरच द्यावेत. कुर्ल्याचा कारखाना हे भाग आता बनवत नाही, आणि भंगारात गेलेला दांडा पुन्हा मिळत नाही.